फणसाच्या मोसमात सोहिरोबांच्या वाटेवर

शुक्रवार

कोलवाळचा पूल ओलांडला की बार्देश संपतो आणि पेडणे महाल लागतो. शापोरा नदीच्या दोन्ही तीरांवर माती तीच तांबडी, काजू तेच, घरांच्या चिऱ्याच्या भिंतीही त्याच. इतिहास मात्र वेगळा. तिसवाडी, बार्देश, साष्टी ह्या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी फार आधी जिंकलेला मुलूख. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे कायमचं गेलं, तोवर ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात मोडायचं. नदीच्या अलीकडे इन्क्विझिशनचा धाक होता, त्याच काळात पलीकडच्या मुलखात एक कुलकर्णी निवांतपणे मराठीत नाथपंथी पदं रचत होते. सोहिरोबानाथ आंबिये. जन्म 1714 चा. 1792 च्या रामनवमीला उज्जैनच्या मठातून निघून गेले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत, असं परंपरा सांगते. पेडण्यावर पोर्तुगीज अंमल आला तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. नदी हीच कुंपण झाली नसती तर ही पदं रचली गेली असती का, हा प्रश्न पुलावरून जाताना दर वेळी माझ्या डोक्यात येतो.

गाडी मेहुणा चालवत होता. त्याला संतांपेक्षा हुर्राकात, म्हणजे काजूच्या दारूत, जास्त रस, आणि मोसम दोन्हींचा होता. फोंड्याहून सकाळी निघालो, पर्वरीच्या कोंडीत अडकलो, म्हापशाला चहा घेतला आणि धारगळपर्यंत पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून ह्या रस्त्याचा चेहरा बदललाय. जिथं भरड आणि काजूची राय होती तिथं आता प्लॉटच्या जाहिराती. मेहुणा प्रत्येक पाटीवरचा दर मोठ्यानं वाचून दाखवत होता.

विर्नोड्याला सरकारी महाविद्यालय आहे, त्याला सोहिरोबांचंच नाव दिलंय. फाटकावर पाटी ठळक: संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय कला आणि वाणिज्य महाविद्यालय. सुट्टीमुळे आत कुणी नव्हतं. बाहेर झाडाखाली मोटारसायकलवर बसलेल्या मुलाला मी विचारलं, "सोहिरोबांचं काही बघण्यासारखं आहे का रे इथं?" तो म्हणाला, "सोहिरोबा म्हळ्यार आमची कॉलेज मरे!" त्याच्या लेखी प्रश्न तिथंच मिटला होता. एका संताचं नाव हजेरीपटावर, फीच्या पावतीवर आणि बसच्या पासवर येऊन बसलंय, हे मला तरी वावगं वाटलं नाही. त्यांचा स्वतःचा अर्धा जन्म कागदपत्रांतच गेला होता.

दुपारी पेडण्यात भगवतीच्या देवळात गेलो. दारात दोन्ही बाजूंना ते काळे दगडी हत्ती, लहानपणी जेवढे अजस्र वाटायचे तेवढेच आजही वाटले. पुनवेच्या जत्रेला इथं पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यातल्या दुपारी एक कुत्रं आणि आम्ही दोघं.

मुक्काम मेहुण्याच्या मावशीकडे. जेवायला उकड्या तांदळाचा भात, घोटांचं सासव आणि कोवळ्या फणसाची भाजी. मावशीला आमच्या येण्याचं कारण कळलं तसा तिनं ताट वाढता वाढताच सूर धरला, "हरिभजनावीण काळ घालवू नको रे". आम्हां फोंडेकरांच्या कानात पंडित जितेंद्र अभिषेकींची चाल इतकी मुरलीय की दुसरी असू शकते हेच आम्ही विसरलोय. मावशीची चाल वेगळी, जात्यावरच्या ओवीच्या अंगानं जाणारी, हेलकावा देणारी. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, आजी म्हणायची ती. कडवी मात्र सगळी पाठ, एकही न गाळता.

शनिवार

पालये हे आंबियांचं मूळ गाव. घराण्याचं आधीचं आडनाव संझगिरी. सोहिरोबांचं पाळण्यातलं नाव अच्युत. हे सगळं मी वाचलेलं होतं. पालयेच्या तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाताना शेजारच्या बाकावरच्या एका निवृत्त मास्तरांनी ते एका वाक्यात आटोपलं, "मूळ हांगाचें, जल्म बांद्याचो, आनी मरण खंयचें तें देवाक खबर."

मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. पेडण्यात मराठी शाळा, दशावतारी नाटकं आणि वाड्यावाड्यावरची भजनं ह्या तिन्ही गोष्टी अजून टिकून आहेत, त्यामुळे इथं सोहिरोबांचं नाव काढलं की कुणी ना कुणी बोलायला बसतंच. मास्तरांनी मला विचारलं, सोहिरोबांचं कुठलं कडवं सगळ्यांत महत्त्वाचं? मी "अंतरीचा ज्ञानदिवा" म्हणालो. सगळे तेच म्हणतात, असं दाखवत त्यांनी हात झटकला. त्यांच्या मते कळीचं कडवं पुढं आहे:

संतसंगतीने उमज, आणुनि मनीं पुरतें समज,
अनुभवावीण मान हालवूं नको रे

"मी पस्तीस पोरांच्या वर्गासमोर उभा राहायचो," मास्तर म्हणाले. "कळलं का म्हटलं की सगळी मान हलवायची. बोर्डावर बोलावलं की एकही यायचं नाही. सोहिरोबांनी हे बरोबर ओळखलं होतं." मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी पुस्ती जोडली की शिक्षक असलेल्या माणसालाच ही ओळ सुचते, भक्त असलेल्याला सुचत नाही. त्यांचं हे म्हणणं मला पटलं. आपल्याकडे संताला गुरू म्हणायची पद्धत आहे, पण समोरचा खरंच शिकला की नुसता डोलतोय ह्याची फिकीर करणारे थोडे. ह्या पदात भक्ताची खुशामत कुठंच नाही. दोरीला साप समजून घाबरू नकोस, बोलशील ते विवेकाची ओल धरील असं बोल, स्वतःच्या मताचा चिखल कालवत बसू नकोस, आणि कळल्याशिवाय होकार देऊ नकोस. तीन कडव्यांत चार कानपिचक्या. चिखल कालवणं हे भातशेती बघितलेल्या माणसाचं बोलणं. लावणीच्या वेळी चिखल करतात तो कामाचा, आणि उगीच पाय मारून केलेला बिनकामाचा, हा फरक इथल्या पोरांना सांगावा लागत नाही.

पालयेहून हरमलकडे उतरलो. दोन्ही गावांच्या मध्ये, समुद्राला खेटून गोड्या पाण्याचं तळं आहे आणि त्याच्या वाटेवर योग, ध्यान, श्वास, मौन अशा शिबिरांच्या पाट्या. निम्म्या रशियन अक्षरांत. मोसम संपत आलेला, शॅकवाले माडाची झापं उतरवत होते. मेहुण्यानं एका पाटीचा फोटो काढला आणि म्हणाला, "भावोजी, तुमच्या नाथबाबांनी इथं क्लास काढला असता तर आज काय भाव मिळाला असता!" थट्टा सोडा, पण नाथपंथाचा योग ज्या घराण्यातल्या माणसानं मराठी पदांत आणला त्याच्या मूळ गावाच्या वेशीवर योग शिकायला सातासमुद्रापलीकडून माणसं येतात, आणि त्या पाट्यांवर कुठंही त्यांचं नाव नाही. मी तक्रार करत नाही. विर्नोड्याच्या मुलाइतकंही कुणी त्यांना सांगितलं नसणार.

केरीला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे होती. ती येईपर्यंत धक्क्यावर उभं राहून मी मेहुण्याला जिवबादादांची गोष्ट सांगितली. जिवबादादा बक्षी हे ह्याच केरीचे, महादजी शिंद्यांचे नावाजलेले सेनानी. उत्तरेत फिरत असलेल्या सोहिरोबांना त्यांनी ग्वाल्हेरला महादजींच्या भेटीस नेलं. आपल्या मुलखातला संत आपल्या धन्याला दाखवायचा, एवढा साधा अभिमान त्यामागं असावा. महादजी स्वतः कवी होते, भक्तिपर रचना करायचे. त्यांनी आपलं काव्य सोहिरोबांपुढे ठेवलं. सोहिरोबांनी स्तुती केली नाही. दरबारी माणसं अस्वस्थ झाली, महादजींना राग आला, आणि त्यावर सोहिरोबांनी जागच्या जागी म्हटलेलं पद कीर्तनकार अजूनही ठसक्यात म्हणतात: "अवधूत नही गरज तेरी, हम बेपर्वा फकिरी".

कीर्तनात ह्या ठिकाणी टाळ्या पडतात. माझं लक्ष मात्र दर वेळी जिवबादादांकडे जातं. पाहुणा आपण आणलेला, धनी आपला, आणि मधोमध आपण. गावाकडचा माणूस मोठ्या साहेबाकडे घेऊन गेल्यावर त्यानं तिथं साहेबाला चार शब्द ऐकवावेत, ह्यातली पंचाईत नोकरी केलेल्या कुणालाही कळेल. प्रसंग असाच्या असा घडला ह्याचा दाखला मी मागत नाही. पण स्वभाव जुळतो. जो माणूस श्रोत्यांना म्हणतो की अनुभवाशिवाय मान हलवू नका, तो राजाच्या कवितेला उगीच मान हलवील कसा?

फेरी आली. तेरेखोल नदी इथं समुद्राला मिळते आणि पलीकडच्या टेकाडावर किल्ला. सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगिजांनी 1746 मध्ये घेतला. सोहिरोबा तेव्हा बत्तीस वर्षांचे, आणि ह्याच नदीच्या वरच्या अंगाला बांद्यात कुलकर्णीपण करत होते. मुखाशी झेंडा बदलला ही बातमी बांद्याच्या बाजारात गलबतवाल्यांकडून पोचली असणार, आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात जकातीचा एखादा रकाना कोरा पडला असणार. किल्ल्यात आता हॉटेल आहे, आतलं संत आंतोनीचं चॅपेल जुनंच. तटावर उभं राहिलं की केरीच्या पुळणीची पांढरी कड आणि सुरूचं बन एका नजरेत येतं. मेहुण्यानं कॉफीचे दर बघितले आणि आम्ही परत फेरीवर आलो.

रात्री मावशीनं फणसाची गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक होती, पण मावशीच्या तोंडून ऐकताना मी मधे बोललो नाही. सावंतवाडीच्या दरबारातून अच्युतपंतांना बोलावणं आलं. वाटेत भूक लागेल म्हणून त्यांनी बरोबर फणस घेतला. इन्सुलीच्या रानात झऱ्याकाठी बसून ते फणस फोडणार एवढ्यात आवाज आला, "बाबू, हमको कुछ देता है?" समोर जटाधारी तेजःपुंज योगी. पंतांनी गरे काढून आधी त्याला दिले. योग्यानं प्रसाद म्हणून उरलेले त्यांना दिले, डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि दिसेनासा झाला. ते गैबीनाथ. नाथपरंपरेत निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, तेच हे, असं मानतात. निवृत्तिनाथ तेराव्या शतकातले, सोहिरोबा अठराव्या. मधल्या पाचशे वर्षांचं काय, असं मेहुण्यानं विचारलं. मावशी म्हणाली, "तो गैबी. तेका वर्सां कसलीं मोजतलो?" आणि दिवा घालवून झोपायला गेली.

रविवार

निघताना मावशीनं खोबरेल तेलाची छोटी बाटली, जुनं वर्तमानपत्र आणि कोयती पिशवीत घातली. "फणस घेतल्याबगर येवं नाकात," असं बजावलं.

पत्रादेवीला सरहद्दीवर हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर इथं गोळ्या झाडल्या गेल्या. कर्नेल सिंग बेनिपाल इथंच पडले, थेट पंजाबातून आलेला माणूस. तिथून बांदा हाकेच्या अंतरावर. आज दोन राज्यांमध्ये पडलेल्या ह्या रेषेला सोहिरोबांच्या आयुष्यात काही अर्थ नव्हता. पालये, बांदा, इन्सुली, सावंतवाडी हा त्यांचा एकच मुलूख. भाषाही तीच. बांद्याच्या बाजारातल्या बाईनं मासळीचा भाव सांगितला तो आमच्या पेडण्याच्या मावशीनं सांगावा तसाच.

बांदेश्वराच्या देवळात दर्शन घेऊन बाजारात फणस बघायला लागलो. विक्रेत्यानं विचारलं, "कापो की बरको?" हा प्रश्न गंमतीचा नाही. काप्याचे गरे कडक, सुटे, शहरी माणसाला आवडणारे. बरका मऊ, रसाळ, घशात घसरणारा, जाणकाराचा. अच्युतपंतांनी कुठला घेतला असेल? रस्त्यात बसून, हात धुवायला झऱ्याचं पाणी असलं तरी, बरका खाणं म्हणजे कोपरापर्यंत ओघळ. दरबारात जायचं, अंगावर बरे कपडे. माझं मत काप्याला. मेहुण्याचं मत बरक्याला, कारण परक्या माणसाला सहज काढून देता येतो. वाद मिटला नाही. काप्याचा एक आठ-नऊ किलोचा उचलला.

बांद्यातून सावंतवाडीच्या बाजूला निघालं की इन्सुली. महामार्ग आता चौपदरी, गाड्या सुसाट. रस्ता सोडून आत वळलं की मात्र झाडी दाट होते आणि आवाज निम्म्यावर येतो. डोबाची शेळ म्हणतात त्या जागी सोहिरोबांचं देऊळ आहे. बाहेर काजूच्या पाल्याचा खच, आत स्वच्छ फरशी आणि उदबत्तीचा वास. सोहिरोबा नेमके कुठं बसले होते, ह्याबद्दल तिथं भेटलेल्या दोघांनी आम्हांला दोन वेगवेगळ्या जागा दाखवल्या, दोघांनीही तितक्याच खात्रीनं. मास्तरांचं कडवं आठवून मी दोन्हींना मान हलवली नाही. हात मात्र दोन्ही ठिकाणी जोडले.

देवळापासून थोडं दूर, सावलीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. फणस फोडणं हे सावकाश करायचं काम आहे. आधी हाताला आणि कोयतीला खोबरेल तेल, नाहीतर चीक असा चिकटतो की दोन दिवस निघत नाही. मेहुण्यानं फणस आडवा धरला, देठाच्या बाजूनं कोयती घातली आणि तो उभा दुभागला. पांढरा चीक थेंबाथेंबानं जमला; तो त्यानं फणसाच्याच सालीनं पुसून घेतला. मग मधली पाव, म्हणजे दांडा, कापून काढली. पाव सुटल्यावर फणस एकदम सैल होतो, गरे पात्यांमधून आपसूक वर येतात. एकेक गरा उचलायचा, बाजूच्या चिवट पात्या ओढून टाकायच्या, पोट उकलून आठळी काढायची, आठळीवरचं पातळ साल काढायचं. आठळ्या मावशीसाठी पिशवीत. पावसाळ्यात त्यांची भाजी होते. दोघांना मिळून पहिले दहा-बारा गरे व्हायला पाव तास लागला.

हे करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी कीर्तनात कधी येत नाही. इतकी मेहनत करून काढलेला पहिला गरा माणूस तोंडात घालतो. घालतोच. हाताला तेल, समोर पिवळाधमक गरा, भूक लागलेली, आणि नेमकं तेव्हा कुणी उपटसुंभ "हमको कुछ देता है?" म्हणून उभा राहतो. तेव्हा आधी त्याला देणं ही साधी गोष्ट नव्हे. गैबीनाथांनी मंत्र दिला तो त्याच्या नंतर. गोष्ट सांगणारे मंत्रावर भर देतात, मला ती परीक्षा त्याआधीच झालेली दिसते, आणि परीक्षा द्यायची आहे हे देणाऱ्याला माहीतही नव्हतं.

त्यानंतर अच्युतपंतांनी कुलकर्णीपण सोडलं. कुलकर्ण्याचं काम म्हणजे गावची जमीन कुणाच्या नावावर, किती पीक, किती सारा, कुणाची बाकी, ह्याची चोख नोंद. पिढीजात वतन, मानाचं, पोट भरणारं. ते सोडून माणूस घरी बसला आणि पदं रचू लागला तेव्हा घरचे काय म्हणाले असतील हे सांगायला नको. पण दप्तर सुटलं तरी दप्तरातली नजर सुटली नाही. त्यांचं दुसरं गाजलेलं पद "आम्ही न हो पांचांतले, न हो पंचविसांतले" असं सुरू होतं. पाच म्हणजे महाभूतं, पंचवीस म्हणजे सांख्यांची तत्त्वं. वेदान्त शिकलेला माणूस लगेच अर्थ सांगेल. मला मात्र तिथं एक कारकून दिसतो. ज्याचं उभं आयुष्य लोकांची नावं याद्यांत घालण्यात गेलं, तो एक दिवस लेखणी ठेवून म्हणतो, आमचं नाव तुमच्या कुठल्याच यादीत सापडणार नाही. हा विनोद आहे, आणि तो कळायला कुलकर्ण्याचं दप्तर डोळ्यांसमोर आणावं लागतं.

मी हे सगळं बोललो तेव्हा मेहुणा आठळ्या मोजत होता. "पटतंय का?" म्हटलं. "अनुभवावीण सांगत नाही," म्हणाला.

देवळाशी भेटलेल्यांपैकी एक आजोबा आमच्याकडे आले. आम्ही गरे पुढं केले. त्यांनी दोन घेतले, कापा आहे हे बघून नाक मुरडलं, आणि बरका आणायला हवा होता असं स्पष्ट सांगून गेले. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

परत येताना उन्हं उतरली होती. पेडण्यात पोचलो तर मावशीच्या वाड्यावर भजन. श्रावण लांब असला तरी कुणाच्या घरी वास्तुशांत होती. हार्मोनियम, तबला, झांजा, आणि पुढं गाणारा मुलगा विशीतला. त्यानं "दिसणे हे सरले" घेतलं, अभिषेकीबुवांच्या चालीत, जागा न जागा घेत. गळा तयार होता. पण शेवटाकडे आल्यावर लय इतकी वाढवली की शब्द कुणाला ऐकूच येईनात, आणि माणसं नेमकी तिथंच डोलायला लागली. स्पर्धांनी आमच्या भजनाला शिस्त दिली, तयारी दिली, मुलं आणली. आणि ही घाईही दिली. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "उतरां गिळलीं रे तेणें." उतरां म्हणजे शब्द. ती डोलत नव्हती.

सोमवार

परतीच्या वाटेवर पणजीला उतरलो. पाटोवरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 मध्ये स्थापन झालेलं, आता कृष्णदास शामांच्या नावाचं. शामांनी 1526 मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं होतं, म्हणजे सोहिरोबांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं. गोव्यातलं मराठी काव्य किती मागं जातं ते त्या एका पाटीवरूनही कळतं. मेहुणा म्हापशालाच बाजारात अडकला होता, त्यामुळे मला तीन तास निवांत मिळाले.

सोहिरोबांचे ग्रंथ पाच: सिद्धांतसंहिता, अद्वयानंद, पूर्णाक्षरी, अक्षयबोध आणि महदनुभवेश्वरी. त्यातला शेवटचा सगळ्यांत भरघोस. मी तिथं बसून त्यात डोकं घातलं. ओव्या गंभीर, परिभाषा दाट, नाथपंथाचा योग आणि अद्वैत दोन्ही एकमेकांत विणलेले. गुरूशिवाय वाचणाऱ्याची दमछाक होते. पदांतला माणूस वेगळा वाटतो. तिथं तो ओसरीवर बसलाय, समोरच्याला नावानं हाक मारतोय, मधेच हिंदीत शिरतोय, चिमटा काढतोय. अभ्यासक ग्रंथांना थोर म्हणतात आणि लोक पदं गातात. मला विचाराल तर लोकांची निवड बरोबर आहे, आणि सोहिरोबांनाही ती रुचली असती. तरी नावात अनुभव हा शब्द असलेला ग्रंथ त्यांनी लिहिला आणि पदातही तोच शब्द दटावून सांगितला, म्हणजे दोन्हीकडचा माणूस एकच.

मेहुण्यानं गाडी आणल्यावर फोंड्याच्या आधी मंगेशीला थांबलो. अभिषेकीबुवा इथले, वडील बाळूबुवा मंगेशाच्या सेवेतले आणि कीर्तनकार, त्यामुळे ही पदं बुवांच्या कानावर घरातच पडली असणार. पुढं त्यांनी नाट्यसंगीताला जे दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सोहिरोबांचं नाव गोव्याबाहेर, पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत पोचलं ते मुख्यतः त्यांच्या गळ्यातून. "हरिभजनावीण"च्या ध्वनिमुद्रणात "मान हालवू नको रे" ह्या जागी बुवा थांबून शब्द सुटा टाकतात, घाई करत नाहीत. कालच्या भजनातल्या मुलाला हे सांगायला हवं होतं.

ह्या वाटेनं कुणाला जायचं असेल तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जावं. त्यानंतर वळवाच्या सरी लागतात आणि फणस पाणचट होतो. पेडण्याहून पालये, हरमल, केरी एका दिवसात होतं, बांदा-इन्सुली दुसऱ्या. पत्रादेवीला गाडी तपासतात, तेव्हा डिकीत हुर्राक ठेवू नये. मेहुण्याला हे मी आधी सांगितलं होतं, त्यानं ऐकलं म्हणून बरं. कोयती आणि खोबरेल तेल मात्र बरोबर हवंच. आणि फणस बरका घ्यावा, असं इन्सुलीचे आजोबा म्हणतात.